गोळे पडण्याचा आवाज

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडची माणसं विचारायची, मुलगी काय करते? आमची आई गोव्यातल्या चोपड्याची, नदीच्या काठावर मासळी आणि भातशेती एवढंच जग पाहिलेली. ती सांगायची, "डिचोलीच्या बाजूक फातराचा पीठ करता." एका बाईंनी काळजीने विचारलं, हे पीठ खातं कोण? बाबा म्हणाले, जपानी. ते स्थळ पुढे आलं नाही.

पण आईचं उत्तर अगदी बरोबर होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी सुर्ल्याच्या बाजूच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागले आणि नोकरीभर दगडाच्या पिठाचीच चाळण केली. लोखंडाच्या खाणीतलं चांगलं ढेकूळ ट्रकात भरून, बार्जेत भरून परदेशी, बहुतेक जपानला, जायचं. मागे राहायची ती भुकटी. ती कुणाला नको असायची, पावसात वाहून शेतात शिरायची आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खायची. आमचा कारखाना ही भुकटी आणखी बारीक दळायचा, तिच्या बोराएवढ्या गोळ्या, म्हणजे पेलेट, वळायचा, त्या भाजायचा आणि मग तीही बोटीत चढायची. पीठ नीट बारीक झालं नाही तर पेलेट फुटते. ते बारीक झालं की नाही हे सांगणं हे माझं काम.

दळायचं काम करायची ती बॉल मिल. नाव ऐकून काही तरी नाजूक वाटेल. प्रत्यक्षात ते दोन पुरुष उंचीचं, बसएवढं लांब, आडवं ठेवलेलं, स्वतःभोवती फिरणारं लोखंडी पिंप. त्याचं पोट साधारण अर्ध्याहून थोडं कमी भरेल इतके पोलादी गोळे. नवे गोळे संत्र्याएवढे असत. दळता दळता तेही झिजत, मग लिंबाएवढे, मग सुपारीएवढे, आणि शेवटी चिकूच्या बीएवढे होऊन पिठाबरोबर बाहेर पडत. एका तोंडाने भुकटी आणि पाणी आत जायचं, दुसऱ्या तोंडाने तांबडा रबडा बाहेर यायचा. मधल्या वाटेत काय व्हायचं ते कुणी पाहिलेलं नव्हतं. पाहणार कसं? चालू मिलच्या पोटात डोकं घालता येत नाही, आणि बंद केली की गोळे गप्प बसलेले. इतकी माणसं इतकी वर्षं तिच्याभोवती पोट भरत होती आणि आतली खरी हालचाल मात्र सगळ्यांनी फक्त कानांनी ओळखलेली होती. मला हे फार विलक्षण वाटायचं, अजून वाटतं.

कानांनी ओळखायला शिकवलं ते वासुदेव गावस यांनी. ते मिलचे फोरमन, पेडण्याचे, म्हणजे माझ्याच तालुक्यातले, म्हणून मी त्यांना काका म्हणायची आणि ते मला बाय. मिल जास्त भरली की आवाज बसतो, घशात घास अडकल्यासारखा. माल कमी पडला की गोळे सरळ पिंपाच्या पाठीवर आदळतात आणि कान फाटतात. या दोन्हींच्या मधला जो घुमणारा, भरलेला आवाज, तो आला की काका पान लावायला घेत. मी प्रयोगशाळेत चाळण मारून जो आकडा काढायची तो बहुतेक वेळा त्यांच्या पानाशी जुळायचा. जुळला नाही की आम्ही दोघं मिळून कारण शोधायचो, आणि कधी ते बरोबर निघायचे, कधी चाळण.

आतलं दर्शन घडवलं ते पाटणकरसाहेबांनी. हे आमचे इंजिनियर, कोल्हापूरकडचे, बोलायला कमी आणि हाताने करायला पुढे. त्यांनी वर्कशॉपमध्ये एक तेलाचं पिंप कापून घेतलं, मिलच्या आतल्या भिंतीला ज्या प्लेटी असतात तशा उंच पट्ट्या आत जोडल्या, आणि एका तोंडाला जाड पारदर्शक ॲक्रिलिक बसवलं. गोळे आणले डिचोलीच्या गॅरेजांतून. खनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या बेअरिंगांना तिथे काय तोटा. ते छोटं पिंप माझ्या ताब्यात दिलं आणि म्हणाले, आता जे दिसेल ते मला सांगा.

जे दिसलं ते असं. पिंप सावकाश फिरवलं की गोळ्यांचा ढीग एका बाजूला तिरका चढतो आणि वरचे गोळे खालच्यांच्या पाठीवरून गडगडत खाली येतात. नुसतं घासणं, आपल्या रगड्यासारखं. वेग वाढवला की काही गोळे गडगडत न येता वरच्या टोकाला पट्टी सोडून देतात आणि हवेतून कमान काढून थेट खाली ढिगाच्या पायथ्याशी आदळतात. हे उखळातलं मुसळ. त्या वरच्या टोकाला आम्ही खांदा म्हणायचो आणि खालच्या टोकाला पाय. भुकटीचा कण त्या पायाशी सापडला की फुटला. म्हणजे एकाच पिंपात रगडाही चालतो आणि उखळही, आणि दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मधोमध एक डोळा असतो. तिथले गोळे जवळजवळ स्थिर, आणि सगळा दंगा त्यांच्याभोवती. वेग आणखी वाढवला की एकदम शांतता. सगळे गोळे पिंपाच्या भिंतीला चिकटून गोल गोल फिरतात, पडत कुणीच नाही, आणि दळण शून्य. म्हणून मिल चिकटण्याच्या वेगाच्या साधारण पाऊण वेगाने फिरवतात. माणसाला वाटतं, जोरात फिरवली की जास्त दळेल.

आणखी एक गंमत. जड गोळा आधी भिंतीला चिकटणार की हलका, यावर चहाच्या वेळी पैज लागली. बहुतेकांचं मत, जड आधी चिकटणार. मी एक लिंबाएवढा आणि एक सुपारीएवढा असे दोन गोळे घालून वेग वाढवत नेला. दोघे एकाच वेगाला चिकटले. वजनाचा तिथे संबंधच नाही, पिंप केवढं रुंद आहे याचाच काय तो संबंध. पाटणकरसाहेबांनी सूत्र मांडून दाखवलं, पण माणसांना सूत्राची गरज नव्हती. डोळ्यांनी दिसलं होतं.

हळूहळू ती प्रयोगशाळा म्हणजे जत्रा झाली. पाळी सुटली की माणसं ॲक्रिलिकसमोर रांग लावत. त्याला त्यांनी नाव दिलं जनेल, म्हणजे खिडकी. गावसकाका आले ते सगळ्यांच्या शेवटी. चष्मा पुसून, जवळ जाऊन, बराच वेळ नुसते बघत राहिले. मी वेग कमी-जास्त करून दाखवला. शेवटी म्हणाले, "बाय, इतकी वर्सां हिच्या कुशीक बसलंय. तोंड आज पळयलंय." मला तेव्हा खरोखर भरून आलं. एखाद्या माणसाला त्याचंच काम पहिल्यांदा दिसताना बघणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

पाहुणेही यायचे. पणजीच्या कार्यालयातले एक मोठे साहेब होते, त्यांना अर्धी रिकामी मिल बघवत नसे. विमानाच्या तिकिटाचे पैसे घेऊन निम्मं विमान रिकामं सोडल्यासारखं ते बोलायचे. भरा की काठोकाठ, म्हणायचे. पाटणकरसाहेब त्यांना जनेलापाशी घेऊन गेले, पिंप काठोकाठ भरलं आणि फिरवलं. काहीच हललं नाही. पडायला जागा लागते, एवढंच पाटणकरसाहेब म्हणाले. मोठ्या साहेबांनी मान हलवली, पण पटल्याची नव्हे. हे गृहस्थ पुन्हा येणार आहेत.

एकदा प्लेटी बदलताना एका फिटरचा हातोडा आत राहिला. त्याने महिनाभर सगळ्यांवर आळ घेतला. पुढल्या वर्षी मिल उघडली तेव्हा गोळ्यांत एक काजूच्या बीसारखा वाकडा, आरशासारखा चकचकीत लोखंडाचा तुकडा सापडला. दांड्याच्या भोकाच्या खुणेवरून ओळख पटली. फिटरने तो घरी नेऊन देवघरात ठेवला. त्याच्या बायकोला अजून वाटतं तो शाळिग्राम आहे.

आता चवथीची गोष्ट. आमची मिल दिवसरात्र चालायची, दिवाळीलाही चालायची, पण गणेश चतुर्थीला बंद. गोव्यात चवथीला माणूस मूळ घरी नसेल तर तो आजारी तरी आहे नाही तर बोटीवर तरी. कंपनीने सुरुवातीला विरोध करून पाहिला आणि मग शहाणपणाने पाच दिवसांची सुट्टीच जाहीर केली. बंद करण्याची एक रीत होती. आधी भुकटी तोडायची, मग नुसतं पाणी सोडून मिल फिरवत ठेवायची, आतला सगळा माल दळून धुऊन निघाला की मगच थांबवायची. गोळे स्वच्छ राहिले पाहिजेत. का, ते एका वर्षीच्या चवथीला कळलं.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी करंट गेला. पाऊस कोसळत होता, कुठे तरी लाइनीवर झाड पडलं होतं. मिल भरल्या पोटी थांबली. गावसकाकांच्या पाळीतली बरीच माणसं दोडामार्गकडची. त्यांची बस गेटवर उभी होती, आणि वाटेत डिचोलीला उतरून माटोळीचा बाजार करायचा होता. गणपतीच्या डोक्यावर फळापानांची जी चौकट, म्हणजे माटोळी, बांधतात तिला कांगलांसारखी रानातली फळं, नारळांची पेंड म्हणजे घड, सगळं लागतं, आणि ते दुसऱ्या दिवशी मिळत नाही. माणसं काकांच्या तोंडाकडे बघत उभी होती. काका म्हणाले, "तुमी वचा. करंट इलो काय मी रिकामी करतंय." माणसं बसकडे धावली.

करंट आला नाही. संध्याकाळ झाली. काकांच्या घरी पेडण्याला सगळ्या भावांचा मिळून एक गणपती, आणि मूर्ती घरात आणायचा मान त्यांचा. शेवटी त्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला. उंचावरच्या टाकीतून उताराने येणारं पाणी मिलमध्ये बारीक सोडून ठेवलं आणि शेवटची बस पकडली. त्यांचा हिशेब शेतकऱ्याचा होता. शेतात पाणी ठेवलं की चिखल मऊ राहतो, सुकलं की भेगा पडून दगड होतो. आमच्याकडे प्रत्येक जण असाच विचार करेल, मीही केला असता. पण लोखंडाचं पीठ चिखलासारखं वागत नाही. ते जड असतं. पाण्याखाली सावकाश खाली बसत जातं, गोळ्यांमधल्या प्रत्येक फटीत दाबून भरतं, आणि पाणी वर राहतं. वर तळं आणि खाली कातळ.

नंतर मी छोट्या पिंपात हाच प्रयोग केला. गोळे, रबडा, वर पाणी, आणि सुट्टीएवढी विश्रांती. फिरवलं तेव्हा गोळे गडगडले नाहीत. सगळा ढीग एका तुकड्यात पिंपाबरोबर वर चढला, माथ्यापर्यंत गेला, आणि तिथून सुटून खाली आला. माझं जनेल तडकलं. हे छोट्या पिंपाचं. मोठ्या मिलमध्ये हाच ढीग अनेक ट्रकांच्या वजनाचा असतो. तो माथ्यावरून पडला तर प्लेटी फुटतात, बेअरिंग फुटतं, पिंपालाच चीर जाते. नवं बेअरिंग यायचं तर समुद्रापलीकडून.

पाच दिवसांचे गणपती बोळवून मी परतले तेव्हा काका आधीच आलेले होते. त्यांनी मिलचं झाकण उघडून आत पहार घातली होती आणि पहार टण्ण करून परत आली होती. पाटणकरसाहेब गाडीतून उतरले तेव्हा काका गेटवर उभे होते. कुणी विचारायच्या आधी म्हणाले, "साहेब, मिल भरलेली रवली. माझ्यामुळे." पाऊस, करंट, बस, यातलं काहीही त्यांनी तोंडातून काढलं नाही. मी शेजारीच होते म्हणून सांगते.

दुपारपर्यंत पणजीहून ते मोठे साहेब हजर झाले. बोट बंदराला लागायची होती आणि पेलेट कमी पडणार होत्या. त्यांचं म्हणणं दोन वाक्यांचं. मोठी मोटर चालू करा, झटक्याने सुटेल. आणि मिलला काही झालं तर हा फोरमन उद्या घरी. पहिलं पाटणकरसाहेबांनी ठामपणे नाकारलं. दुसऱ्यावर ते बोलले नाहीत, आणि काकांनी ते ऐकलं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, मुलगा अजून शिकत होता. त्या दिवशी त्यांनी पानाची पिशवी उघडली नाही.

मिलला एक छोटी मोटर होती, मुंगीच्या पावलांनी फिरवायला. आम्ही मिलच्या पाठीवर खडूने एक रेघ मारली आणि शेजारी अंश मांडले. मोकळे गोळे साधारण चाळीस अंशांच्या आसपास गडगडायला लागतात, हे मी छोट्या पिंपावर मोजलेलं होतं. तिथवर आवाज आला तर मिल सुटली. नाही आला तर थांबायचं आणि मागे सोडायचं. रेघ वाचायचं काम माझ्याकडे आलं. सगळे पंखे, पंप बंद केले. शेडमध्ये इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकलेली नव्हती.

मी मोठ्याने सांगत गेले. वीस. तीस. पस्तीस. चाळीस. काही नाही. पंचेचाळीस. आतून एक टिचकीही नाही. तो सगळा डोंगर गप्प, आमच्या डोक्यावर चढत होता. पाटणकरसाहेबांनी हात वर केला, मोटर थांबली, आणि मिल हळूहळू मागे सोडली. काका खाली बसले.

मग आत उतरणं आलं. फ्यूज काढून साहेबांनी स्वतःच्या खिशात घातले, पिंपाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे मारले. पहिले आत गेले काका. त्यांच्या मागून पाटणकरसाहेब, आणि मग दोडामार्गचे तेच सगळे, ज्यांना काकांनी बसने लावून दिलं होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पाण्याचा जोराचा फवारा, पहारी आणि हात, पाळीपाळीने. आत उभं राहता येत नाही, पाय गोळ्यांत रुततो, आणि भिजलेलं लाल पीठ डोळ्यांत जातं. पोयीचे पाव आणि भाजी कुणी तरी झाकणातून आत द्यायचं. घरून आणलेल्या चवथीच्या नेवऱ्या लाल हातांनीच खाल्ल्या गेल्या. मोठे साहेब कार्यालयात फोनवर होते. मी इंजिनियरला चिखलात फोरमनच्या खांद्याला खांदा लावून खणताना पाहिलं आहे, आणि त्यानंतर फारशा कुणाचं कौतुक करायला मला जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाच्या मधून आरपार एक चर पडला. सगळे बाहेर आले, माणसं मोजली, पुन्हा मोजली. मुंगीची मोटर लागली. वीस. तीस. मी रेघेकडे बघत होते, बाकी सगळे कान देऊन. छत्तीसला आत एक गोळा सुटला. टक्. नुसता एक. मग दोन-तीन, आणि मग अख्खा खांदा ढासळला आणि खळळ करून पायाशी आला. तो आवाज मी नोकरीत हजारदा ऐकला होता. त्या दिवशी मात्र माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही, कारण सगळ्यांचीच तोंडं लाल आणि ओली होती.

एक सांगून टाकते. पुढे खाणी बंद पडल्या, कारखाना थंडावला, आणि ती मिल भंगारवाल्याने तुकडे करून नेली असं ऐकलं. मी बघायला गेले नाही. आतली हालचाल ज्यांनी जनेलातून पाहिली अशी आम्ही थोडीच माणसं उरलो आहोत. लिहून ठेवायचं ते यासाठी.

त्या दुपारी मिल पुरत्या फेऱ्याला लागली. प्लेटी शाबूत, बेअरिंग शाबूत. मोठे साहेब शेडमध्ये आले, फिरत्या पिंपाकडे बघून समाधान पावले आणि जाता जाता म्हणाले, ठीक आहे, नोकरी राहू दे, पण पुढल्या चतुर्थीला मिल बंद करायचं काम ह्या माणसाकडे द्यायचं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले. काका आमच्यातच उभे होते, हातात पहार.

पाटणकरसाहेब काकांकडे वळले. "गावस, पुढल्या चवथीला मिल तुम्हीच बंद करायची. त्याच्या पुढल्याही."

काका मान खाली घालून म्हणाले, "नको साहेब. मी एकदा चुकलंय."

"म्हणूनच तुम्ही," पाटणकरसाहेब म्हणाले. "बाकीच्यांची चूक अजून व्हायची आहे."

काकांनी हेल्मेट काढलं, परत घातलं, पहार भिंतीला टेकवली आणि भुकटी सोडायला वर गेले.